आरमध्ये डेटा कुलूप लावून सेव्ह करायचा: स्वतःची दोन रॅपर फंक्शन्स कशी लिहायची

आर ही डेटाच्या विश्लेषणासाठीची प्रोग्रामिंग भाषा, आणि सेव्हआरडीएस हे तिच्यातलं डेटा फाइलमध्ये साठवणारं फंक्शन. त्याने सेव्ह केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की नुसता कचरा दिसतो, त्यामुळे बऱ्याच जणांचा समज असतो की चला, डेटा तसा सेफ आहे. अजिबात नाही. तो कचरा म्हणजे फक्त जीझिपने दाबलेला डेटा असतो, ज्याच्याकडे आर आहे (आणि ते फुकट आहे) तो रीडआरडीएस मारून दोन सेकंदात सगळं वाचू शकतो, नावं, मोबाइल नंबर, आजार, उत्पन्न, सगळं.

तुम्ही घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेचा, पेशंटचा किंवा शाळेतल्या मुलांचा डेटा हाताळत असाल तर फाइल एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करूनच, डिस्कवर गेली पाहिजे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, त्यात योग्य ती सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाचं सोडा, ज्या बाईने दारात उभं राहून तुम्हाला सगळी माहिती दिली तिचा तरी विचार करा.

आता खरं सांगायचं तर आरमध्ये एन्क्रिप्ट करणं हे एका ओळीचं काम आहे, मग रॅपर, म्हणजे ती ओळ पोटात घेणारं आपलं स्वतःचं फंक्शन, कशाला? कारण त्या एका ओळीच्या आजूबाजूला चार-पाच गोष्टी असतात, किल्ली कुठून आणायची, नॉन्स (दर वेळी नव्याने बनणारे काही रँडम बाइट) कुठे ठेवायचा, मधली फाइल डिस्कवर पडू द्यायची नाही वगैरे, आणि रात्री अकराला रिपोर्ट पाठवायचा असतो तेव्हा यातली एक तरी माणूस गाळतोच. रॅपरचं काम एवढंच की सेव्ह करताना विचार करायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. टीममधल्या नवीन पोराला सांगायचं, बाबा, सेव्हआरडीएसऐवजी गुप्त_सेव्ह लिही आणि रीडआरडीएसऐवजी गुप्त_रीड, संपला विषय.

एक सूचना आधीच देतो. खाली फंक्शनची नावं उच्चारासारखी देवनागरीत लिहिली आहेत, आर स्टुडिओत ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची, आकडेही साधे इंग्रजी. कॅपिटल-स्मॉलचा घोळ झाला तर पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा, तो स्वतःच सुचवतो.

पहिली पायरी: पॅकेजेस

दोनच लागतात, सोडियम आणि कीरिंग, दोन्ही क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजेसच्या अधिकृत भांडारात, आहेत. सोडियम हे लिबसोडियम नावाच्या सी लायब्ररीवर बसवलेलं पॅकेज आहे. विंडोज आणि मॅकवर नेहमीसारखं इन्स्टॉल.पॅकेजेस केलं की झालं, उबंटूवर मात्र आधी लिबसोडियम-डेव्ह हे सिस्टिमचं पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर कंपाइल होताना लांबलचक लाल मजकूर येतो आणि नवीन माणूस घाबरतो. ओपनएसएसएल नावाचंही पॅकेज आहे आणि ते चांगलंच आहे, पण त्यात कुठला मोड, आयव्ही (नॉन्ससारखाच प्रकार) किती बाइटचा असे पर्याय निवडावे लागतात, आणि नवख्याला पर्याय जितके कमी तितकं बरं असं माझं मत. सोडियममध्ये निवडायला काही नाही, किल्ली ३२ बाइट, नॉन्स २४ बाइट, अल्गोरिदम ठरलेला.

दुसरी पायरी: फंक्शन लिहायच्या आधी कन्सोलवर हाताने करून बघा

ही पायरी लोक टाळतात आणि मग फंक्शनमध्ये काय चाललंय ते कळत नाही. एक छोटी डेटा फ्रेम (म्हणजे आरमधलं टेबल) घ्या, आरसोबत येणारी आयरिस चालेल. सोडियमला डेटा फ्रेम वगैरे काही समजत नाही, त्याला फक्त रॉ व्हेक्टर म्हणजे बाइटची रांग समजते. म्हणून आधी सीरियलाइझ(आयरिस, नल) करा, नल दिलं की फाइलमध्ये न लिहिता रॉ व्हेक्टर परत मिळतो. त्याचे पहिले काही बाइट हेडने बघा, पहिला बाइट ५८ दिसेल, आरचा कुठलाही ऑब्जेक्ट असा सीरियलाइझ केला की सुरुवात तीच. आता सोडियमचं कीजेन() वापरून एक किल्ली बनवा आणि डेटा_एन्क्रिप्टला हा रॉ व्हेक्टर आणि किल्ली द्या. जे परत येईल त्याचे पहिले बाइट बघा, ओळखीचं काहीच नाही. पुन्हा तीच ओळ चालवा, पुन्हा वेगळेच बाइट. डेटा तोच, किल्ली तीच, तरी निकाल वेगळा, कारण प्रत्येक वेळी नवीन नॉन्स तयार होतो.

लेंग्थ पण बघा. एन्क्रिप्ट केलेला व्हेक्टर मूळच्यापेक्षा बरोब्बर १६ बाइटने मोठा असतो. हे १६ बाइट म्हणजे शिक्का आहे, उघडताना आधी हा शिक्का तपासला जातो आणि मधला एक बिट जरी बदललेला असेल तरी डिक्रिप्ट सरळ एरर देतं, अर्धवट किंवा चुकीचा डेटा हातात देत नाही. याचा फायदा पुढे येईल.

आता खरी गोम. नॉन्स आहे कुठे? तो त्या एन्क्रिप्टेड व्हेक्टरला अ‍ॅट्रिब्यूट म्हणून चिकटवलेला असतो, अ‍ॅट्रिब्यूट्स() करून बघा, दिसेल. सेव्हआरडीएस केलं तर अ‍ॅट्रिब्यूट टिकतो, पण राइटबिनने फाइलमध्ये लिहिलं तर फक्त बाइट जातात, अ‍ॅट्रिब्यूट गळून पडतो, आणि नॉन्स गेला म्हणजे किल्ली खिशात असूनही ती फाइल कधीच उघडणार नाही. लिहिताना एरर नाही, वॉर्निंग नाही, फाइलचा साइझ पण व्यवस्थित. सहा महिन्यांनी उघडायला गेल्यावरच कळतं. नॉन्स गुप्त ठेवायची गरज नसते, तो फाइलमध्ये उघडा ठेवला तरी चालतो, फक्त हरवायचा नाही आणि एकच नॉन्स त्याच किल्लीने परत वापरायचा नाही, म्हणजे हाताने फिक्स नॉन्स देण्याचा शहाणपणा नको.

तिसरी पायरी: किल्ली

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. किल्ली स्क्रिप्टमध्ये लिहायची नाही, डीफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून तर नाहीच नाही, कारण ती स्क्रिप्ट गिटवर (कोडच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारी सिस्टिम) जाते, ईमेलने जाते, आणि एकदा गिटच्या हिस्टरीत गेली की नंतर ओळ डिलीट करून काही उपयोग नाही. कीरिंग पॅकेज किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिजोरीत ठेवतं, मॅकवर कीचेन, विंडोजवर क्रेडेन्शियल स्टोअर, लिनक्स डेस्कटॉपवर सीक्रेट सर्व्हिस. त्यात मजकूर ठेवायचा असतो आणि आपली किल्ली रॉ आहे, म्हणून सोडियमच्या बिनटूहेक्सने तिचा ६४ अक्षरी मजकूर करायचा आणि परत आणताना हेक्सटूबिन.

किल्ली बनवायची ओळ एकात एक घालून लिहा:

कीरिंग::की_सेट_विथ_व्हॅल्यू("सर्वे", पासवर्ड = सोडियम::बिनटूहेक्स(सोडियम::कीजेन()))

अशाने किल्ली स्क्रीनवर दिसत नाही, कुठल्या व्हेरिएबलमध्ये बसत नाही आणि कन्सोलच्या हिस्टरीत फक्त ही ओळ राहते, किल्ली नाही. पण ही ओळ एकदाच चालवायची, कन्सोलवर, आणि स्क्रिप्टमध्ये ठेवायची नाही. कारण ती दुसऱ्यांदा चालली तर जुन्या किल्लीवर गुपचूप नवीन किल्ली लिहिते, काही विचारत नाही, आणि आधीच्या सगळ्या फाइली कायमच्या बंद. इथे पासवर्ड विसरलात का असली लिंक नसते हो. म्हणून पहिल्याच दिवशी किल्लीची एक प्रत काढून पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवा, आणि टीममधल्या अजून एका माणसाला ती कुठे आहे ते माहीत असू द्या.

मग किल्ली आणणारं एक बारकं फंक्शन:

किल्ली_आण <- फंक्शन() सोडियम::हेक्सटूबिन(कीरिंग::की_गेट("सर्वे"))

काही जण म्हणतील आम्हाला कीरिंग नको, आम्हाला लक्षात राहील असा पासवर्डच हवा. चालेल, पण मग पासवर्डला नुसतं शा२५६ हे हॅश फंक्शन लावून ३२ बाइट बनवू नका, नेटवर तशी उदाहरणं भरपूर दिसतात. शा२५६ फार वेगवान आहे, हल्ला करणारा अंदाजाने पासवर्ड टाकत सुटला तर सेकंदाला प्रचंड संख्येने तपासू शकतो. सोडियममध्ये एसक्रिप्ट आणि आर्गॉन२ ही मुद्दाम संथ केलेली फंक्शन्स आहेत ती वापरा. त्यातही एक खाच आहे, सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचे रँडम बाइट) दिला नाही तर डीफॉल्ट सॉल्ट म्हणजे नुसती शून्यं असतात, त्यामुळे सोडियमच्या रँडमने सॉल्ट बनवा आणि तो फाइलमध्ये नॉन्सच्या शेजारी ठेवा, तोही गुप्त नसतो.

आणि पासवर्ड मराठीत ठेवणार असाल, कल्पना भारी आहे, तर दोन गोष्टी. संगणकाला अक्षरं नाही, बाइट दिसतात, मराठी या शब्दाला चारटूरॉ केलं तर यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट येतात, काना-वेलांटीचे पण प्रत्येकी तीन. विंडोजवर आर ४.२.० च्या आधी यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग नव्हतं, तेव्हा जुनी मशिन असतील तर आधी एन्कटूयूटीएफ८ लावा. दुसरं म्हणजे दुसऱ्या, पुढाऱ्याचा असल्या शब्दातला ऱ. हा एकाच कोडने लिहिता येतो किंवा र अधिक नुक्ता असा दोन कोडनेही, कीबोर्डवर अवलंबून आहे. स्क्रीनवर डिट्टो सारखं दिसतं पण बाइट वेगळे, म्हणजे किल्ली वेगळी, आणि तुम्ही बसा डोकं आपटत की पासवर्ड तर बरोबर टाकतोय. स्ट्रिंगी पॅकेजचं स्ट्री_ट्रान्स_एनएफसी लावलं की दोन्ही एकसारखे होतात.

चौथी पायरी: सेव्ह करणारं रॅपर

गुप्त_सेव्ह <- फंक्शन(डेटा, फाइल, किल्ली = किल्ली_आण()) {
  स्टॉपिफनॉट(इज.रॉ(किल्ली), लेंग्थ(किल्ली) == ३२)
  कच्चा <- मेमकम्प्रेस(सीरियलाइझ(डेटा, नल), "जीझिप")
  बंद <- सोडियम::डेटा_एन्क्रिप्ट(कच्चा, किल्ली)
  नॉन्स <- अ‍ॅट्र(बंद, "नॉन्स")
  अर्धी <- पेस्ट०(फाइल, ".अर्धी")
  राइटबिन(सी(अ‍ॅज.रॉ(१), नॉन्स, बंद), अर्धी)
  स्टॉपिफनॉट(फाइल.रीनेम(अर्धी, फाइल))
  इनव्हिजिबल(फाइल)
}

आर्ग्युमेंटचा क्रम मुद्दाम सेव्हआरडीएससारखा ठेवलाय, आधी डेटा मग फाइल, म्हणजे जुन्या स्क्रिप्टमध्ये फक्त नाव बदललं की काम झालं.

दाबणं आधी, एन्क्रिप्ट नंतर, हा क्रम उलटा केला तर फाइल लहान होणारच नाही, कारण एन्क्रिप्ट केलेल्या बाइटमध्ये दाबण्यासारखं काही उरत नाही. फाइलमध्ये सगळ्यात आधी एक बाइट टाकलाय, १, ही आपल्या फॉरमॅटची आवृत्ती. आज त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या वर्षी तुम्ही काही बदललं तर जुन्या फाइली कशा वाचायच्या हे त्यावरून ठरवता येईल. मग २४ बाइट नॉन्स, मग बंद डेटा. म्हणजे दाबलेल्या डेटापेक्षा फाइल फक्त ४१ बाइटने मोठी, १ अधिक २४ अधिक १६, हिशोब जुळवून बघा.

थेट फाइलमध्ये न लिहिता आधी .अर्धी नावाच्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलतोय, कारण लिहिता लिहिता लाइट गेली किंवा डिस्क भरली तर जुनी चांगली फाइल शाबूत राहिली पाहिजे. आणि फाइल.रीनेमला स्टॉपिफनॉटमध्ये घालायला विसरू नका, ते फसलं तर एरर देत नाही, नुसतं फॉल्स आणि एक वॉर्निंग देतं, आणि वॉर्निंग कोण वाचतं?

या सगळ्यात उघडा डेटा डिस्कवर एकदाही गेला नाही, तो रॅममध्येच दाबला, रॅममध्येच एन्क्रिप्ट झाला. बरेच जण आधी सीएसव्ही लिहितात, ती फाइल एन्क्रिप्ट करतात, मग मूळ सीएसव्ही डिलीट करतात. डिलीट केलेली फाइल रिकव्हर होऊ शकते, आणि मधल्या दोन सेकंदात तो फोल्डर ड्राइव्हला सिंक होत असेल तर ती कॉपी क्लाउडवर गेलेली पण असते. रॅममध्ये करण्याचा तोटा एवढाच की एकाच डेटाच्या तीन-चार प्रती एका वेळी मेमरीत असतात, डेटा खूपच मोठा असेल तर तालुक्यानुसार किंवा वर्षानुसार तुकडे करा.

पाचवी पायरी: वाचणारं रॅपर

गुप्त_रीड <- फंक्शन(फाइल, किल्ली = किल्ली_आण()) {
  सगळं <- रीडबिन(फाइल, "रॉ", एन = फाइल.साइझ(फाइल))
  इफ (लेंग्थ(सगळं) < ४२ || सगळं[१] != अ‍ॅज.रॉ(१)) स्टॉप("ही फाइल गुप्त_सेव्हने बनवलेली नाही")
  नॉन्स <- सगळं[२:२५]
  बंद <- सगळं[-(१:२५)]
  कच्चा <- ट्रायकॅच(
    सोडियम::डेटा_डिक्रिप्ट(बंद, किल्ली, नॉन्स),
    एरर = फंक्शन(ई) स्टॉप("उघडत नाही: किल्ली वेगळी आहे किंवा फाइल बिघडली आहे"))
  अनसीरियलाइझ(मेमडीकम्प्रेस(कच्चा, "जीझिप"))
}

रीडबिनला एन दिला नाही तर ते एकच बाइट वाचून गप्प बसतं, डीफॉल्ट १ आहे, त्यामुळे फाइल.साइझ द्यायलाच हवा. एरर मेसेजमध्ये "वेगळी किल्ली किंवा बिघडलेली फाइल" असं दोन्ही लिहिलंय कारण दोन्हीमध्ये शिक्का जुळत नाही एवढंच समजतं, नेमकं कारण कोणी सांगू शकत नाही.

अनसीरियलाइझ सगळ्यात शेवटी आहे हे बघितलंत का? ते तिथेच पाहिजे. २०२४ मध्ये आरमध्ये एक गंभीर भोक सापडलं होतं, मुद्दाम बनवलेली आरडीएस फाइल वाचली की आतला कोड तुमच्या मशिनवर चालू शकत होता, आर ४.४.० मध्ये ते बुजवलं. तरी अनोळखी फाइल अनसीरियलाइझ करणं ही सवय वाईटच. आपल्या रॅपरमध्ये शिक्का जुळल्याशिवाय अनसीरियलाइझपर्यंत गाडी पोचतच नाही, म्हणजे ज्याच्याकडे आपली किल्ली नाही त्याने घुसवलेली फाइल दारातच अडते. बंद डेटा आणि नॉन्सची लिस्ट करून सेव्हआरडीएस करायचं, हा सोपा मार्ग मी मुद्दाम टाळला तो यासाठी, कारण त्यात शिक्का तपासायच्या आधीच रीडआरडीएस करावं लागतं.

सहावी पायरी: मोडून बघा

चालतंय हे बघणं सोपं आहे, सेव्ह करा, वाचा, आयडेंटिकल मारा, ट्रू आलं की खूश. तारखा, फॅक्टर, मराठी नावांचा कॉलम हे सगळं जसंच्या तसं परत येतं, सीएसव्हीसारखी तारखेची मोडतोड होत नाही. पण जास्त महत्त्वाचं म्हणजे जिथे चालायला नको तिथे चालत नाही ना ते बघणं. नवीन कीजेन() ची किल्ली देऊन उघडायचा प्रयत्न करा, एरर आला पाहिजे. मग फाइल रीडबिनने वाचून मधला शंभरावा बाइट झॉरने उलटा करून परत लिहा, एरर आला पाहिजे. साधी आरडीएस फाइल द्या, आपला स्वतःचा मेसेज आला पाहिजे. टेस्टदॅट हे टेस्ट लिहायचं पॅकेज वापरत असाल तर हे तिन्ही एक्स्पेक्ट_एरर मध्ये टाकून ठेवा.

सातवी पायरी: मागच्या दाराने काय गळतंय ते बघा

रॅपर कितीही चांगलं लिहा, आर स्टुडिओ बंद करताना वर्कस्पेस सेव्ह करू का असं विचारतो आणि तुम्ही सवयीने येस म्हणता, की सगळा उघडा डेटा .आरडेटा फाइलमध्ये जाऊन बसतो. ग्लोबल ऑप्शन्समध्ये जाऊन ते नेव्हर करा, आत्ताच करा, वाचून झाल्यावर नाही. दुसरी गळती आर मार्कडाउनची (रिपोर्टमध्येच कोड लिहायची सोय), चंकला म्हणजे कोडच्या तुकड्याला कॅश ट्रू दिलं असेल तर त्या चंकमध्ये बनलेले ऑब्जेक्ट बाजूच्या कॅश फोल्डरमध्ये उघडेच साठतात. टार्गेट्स पॅकेजचं तेच, त्याचा स्वतःचा साठा असतो. आणि मूळ एक्सेल, जी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, ती डाउनलोड्समध्ये आहेच.

टीम आणि सर्व्हर

फील्डवर पाच लॅपटॉप असतील तर पाचही ठिकाणी एकच गुप्त किल्ली वाटू नका. सोडियममध्ये सिम्पल_एन्क्रिप्ट आहे, त्याला पब्लिक किल्ली लागते. ऑफिसच्या मशिनवर कीजेन() ने खासगी किल्ली बनवा, पबकी() ने तिची पब्लिक जोडी काढा आणि लॅपटॉपवर फक्त ती द्या. मग लॅपटॉपवरून फाइल बंद करता येते पण उघडता येत नाही, एसटीत लॅपटॉप राहिला तरी आधी बंद केलेल्या फाइली कोणाला वाचता येत नाहीत. यात नॉन्सची भानगड पण नाही, तो आतच सांभाळला जातो. फक्त पब्लिक किल्ली असलेला कोणीही फाइल बनवू शकतो, त्यामुळे फाइल खरंच आपल्याच माणसाने पाठवली का हे यावरून कळत नाही, आणि मघाशी अनसीरियलाइझबद्दल बोललो ती खात्री इथे लागू होत नाही, तेव्हा ऑफिसच्या मशिनवर आर जुनं नको.

स्वतः लिहायचंच नसेल तर सायफर नावाचं पॅकेज आहे, आरओपनसायचं, सी-वाय वालं स्पेलिंग. त्यात सेव्हआरडीएस किंवा राइट.सीएसव्हीची तुमची नेहमीची ओळ एन्क्रिप्ट() मध्ये गुंडाळायची असते, आणि टीममध्ये कोणाला प्रवेश द्यायचा याची सोय पण आहे. ते आतून तात्पुरत्या फाइलमध्ये उघडा डेटा लिहून मग एन्क्रिप्ट करतं एवढं माहीत असू द्या, बाकी पॅकेज उत्तम आहे.

सर्व्हरवर रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट चालत असेल तर तिथे डेस्कटॉपची तिजोरी सहसा नसते आणि की_गेट अडकून बसतं. अशा वेळी किल्ली .आरएन्व्हायरन फाइलमध्ये ठेवा, तिची परमिशन ६०० करा म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येईल, गिटइग्नोरमध्ये टाका, आणि किल्ली_आण मध्ये एक इफ वाढवा, सिस.गेटएन्व्हमध्ये किल्ली सापडली तर ती, नाहीतर कीरिंग. गुप्त_सेव्ह आणि गुप्त_रीडला हातही लावावा लागत नाही.